सहा बायकांच्या फोटोतली तिसरी

ही हकिगत मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो. गेल्या वर्षी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी सोलापुरात माझा सत्कार केला. एका वक्त्याने मला खुलवण्यासाठी जुना किस्सा काढला. "पूर्वी आपल्या गावात एक चिनी ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी वैरागच्या एका जिवंत बाईची तसबीर मेलेली म्हणून रंगवली. त्यांना आपल्या सगळ्या बायका सारख्याच दिसायच्या. शेवटी आपल्या सरांनी खरी तसबीर काढून दिली, म्हणून त्या घराची अब्रू राहिली." सभागृह हसलं. माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता, मांडीवर नारळ होता. मीही हसलो.

रिक्षात बसल्यावर मला त्या हसण्याचा धक्का बसला. पंचेचाळीस वर्षं मी गप्प होतो, ते एक. पण हसलो? यंदा या अंकासाठी संपादकांनी पोर्ट्रेटच्या धंद्यातल्या गमतीजमती मागितल्या. ही त्यातली सगळ्यात गाजलेली गंमत. ती आज मी जशी घडली तशी लिहितो.

आधी धंदा सांगतो, कारण आता तो उरलेला नाही. मी दिवसा शाळेत चित्रकला शिकवायचो आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी तसबिरी करायचो. तसबीर म्हणजे बहुधा गेलेल्या माणसाची. घरातलं माणूस जायचं आणि मग लक्षात यायचं की त्याचा धड एक फोटो नाही. रेशनकार्डाएवढ्या फोटोतला अंगठ्याएवढा चेहरा, लग्नाच्या घोळक्यातला अर्धा चेहरा, पाण्यात भिजून पापुद्रे निघालेला चेहरा, असं काहीही घेऊन लोक यायचे. फोटोवर बारीक चौकटींची काच ठेवायची, कॅनव्हासवर तितक्याच मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक घर पाहत चेहरा मोठा करायचा. हे झालं यांत्रिक काम. पुढे रंग. फोटो काळापांढरा, त्यामुळे माणूस गोरा होता की सावळा हे गिऱ्हाईक सांगेल तसं. आणि गिऱ्हाईक कधी खरं सांगत नाही. वेळापूरच्या एका गृहस्थांनी उघड्या अंगाच्या वडिलांना कोट घालायला लावला, टाय घालायला लावला, आणि न्यायला आल्यावर म्हणाले, "आता हे आमचं वडील वाटंना झालेत की."

मी हे सगळं ज्यांच्याकडे शिकलो ते लियांग सर. सात रस्त्याजवळ एका सायकलच्या दुकानावर त्यांची खोली होती. तिथे सकाळी मुलांना ड्रॉइंगच्या परीक्षांसाठी शिकवायचे, दुपारनंतर तसबिरी. अक्कलकोटकडची कानडी गिऱ्हाइकं त्यांना लिंगप्पा मास्तर म्हणत आणि ते ओ देत. जन्म मुंबईचा. वडील दातांच्या कवळ्या बनवायचे. चीन त्यांनी फक्त नकाशात पाहिला होता, पण नव्याने आलेला प्रत्येक पालक त्यांना आगीचे फूत्कार टाकणारा अजगर काढून मागायचा. बासष्टच्या चीनच्या लढाईच्या काळात त्यांना पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागायची, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही हसत. "हवालदाराचं पोर्ट्रेट केलं रे तिथे बसून. वेळ जायला पाहिजे ना." जेवायला आम्ही एकत्र बसायचो. कडक भाकरी आमटीत कुस्करून खाण्याची त्यांची पद्धत कुणा सोलापूरकराला लाजवील अशी होती.

मी त्यांचा विद्यार्थी होतो, मग जोडीदार झालो. ऑर्डर घेणं, फोटो लावणं, चौकटी आखणं माझ्याकडे. चेहरा त्यांच्याकडे.

सरांचा हात चांगला होता, पण त्यांचं खरं बळ नजर. ती कशी होती याचा एकच दाखला देतो. शहराच्या पूर्व भागातले, मागावर काम करणारे एक तेलुगू गृहस्थ आले. बायको बाळंतपणात गेलेली, तिचा एकही फोटो नाही. मी त्यांना परत पाठवणार होतो. सरांनी विचारलं, "मुलं किती?" पाच. "पाचही घेऊन या." पाचही पोरं बाकावर ओळीने बसवली, आणि बापालाही त्यांच्याच शेजारी. सरांनी तासभर नुसतं पाहिलं. पोरांमध्ये जे बापाचं होतं ते त्यांनी मनातल्या मनात बाजूला काढलं, आणि जे उरलं त्याचा चेहरा केला. थोरल्या मुलीचं कपाळ, दोन नंबरच्याचा वरचा ओठ, धाकटीचे डोळे. दीड महिन्याने ते गृहस्थ चित्र न्यायला आले. चित्रासमोर उभे राहिले, मग खाली बसले, आणि तेलुगूत तिच्याशी काहीतरी बोलायला लागले. आम्ही दोघं जिन्यात जाऊन थांबलो.

असा तो माणूस, आणि सोलापूरने त्याच्याबद्दल काय लक्षात ठेवलं ते वर लिहिलंच आहे.

वैरागहून दिगंबर नावाचा एक गडी आला. भुसार मालाचं दुकान, घरची शेती. आई काशीबाई वारून आठ महिने झालेले. वर्षश्राद्धाला तिची तसबीर हवी होती. फोटो एकच होता, कुठल्याशा लग्नातला. सहा बायका ओळीत उभ्या, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. मी विचारलं, "यातल्या आई कोणत्या?"

"माघारी फुली मारलीया बगा," तो म्हणाला. "आईच्या अंगावर पुडनं कशी मारायची?"

सरांचा एक नियम होता. घोळक्याचा फोटो घेताना गिऱ्हाइकाला फोटोतल्या चेहऱ्यावर स्वतःचं बोट ठेवायला लावायचं, आणि जाताना पुन्हा एकदा ठेवायला लावायचं. त्या दिवशी दिगंबरला वैरागची एसटी गाठायची होती आणि मला शाळेतल्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. मी बोट ठेवायला लावलं नाही.

तो गेल्यावर मी फोटो पालथा केला. फुली डावीकडून तिसऱ्या जागी होती. फोटो सुलटा केला आणि डावीकडून तिसरी बाई धरली. वाचकाने एखादा कागद हातात घेऊन पाहावं. मागच्या बाजूचं डावं पुढून उजवं होतं. सहाजणी असल्या तर मागून डावीकडून तिसरी ती पुढून चौथी. मी चित्रकलेचा शिक्षक. मुलांना आरशातलं प्रतिबिंब काढायला शिकवत होतो.

सर काम करताना फोटोवर काळा पुठ्ठा लावत. त्याला एक खिडकी कापलेली असे आणि तिच्यातून फक्त हवा तो चेहरा दिसे. शेजारचे चेहरे डोळ्यांत शिरले की हातात उतरतात, असं ते सांगायचे. ती खिडकी मी कापायचो. तेव्हाही मीच कापली, तिसरीच्या चेहऱ्यावर.

घरच्यांनी ठरवलं होतं की चित्र आधी कुणी पाहायचं नाही, श्राद्धाच्या दिवशीच उघडायचं. कातडीच्या रंगासाठी दिगंबर दोन रविवार येऊन बसला, पण कॅनव्हासच्या पाठीमागे. दुसऱ्या रविवारी तो चहाला खाली गेला, तेव्हा सर ब्रश पुसत मला म्हणाले, "दत्ता, या पोराच्या हनुवटीत आई नाही. भुवईतही नाही. कान पाहावेत तर पदराखाली झाकलेत. खूण नीट बघितलीस ना?"

मी दुसऱ्या एका तसबिरीच्या चौकटी आखत होतो. मान वर न करता म्हणालो, "बापावर गेलाय, सर."

"हां. मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

माझ्या सांगण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. सरांना दिसलं होतं. त्यांनी विचारलं होतं. फोटो हाताच्या अंतरावर होता, पुठ्ठा काढून तो उलटून पाहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघं वैरागला गेलो. अंगणात मांडव, शे-सव्वाशे माणूस. तसबीर पाटावर ठेवली होती, वर पांढरं कापड. दिगंबरने आधी कापडावरूनच चंदनाचा हार घातला, नमस्कार केला आणि हाराखालून कापड ओढून घेतलं.

दिगंबर चित्राकडे पाहत तसाच वाकलेला राहिला. मग बायकांच्या पुढच्या रांगेतून एक आवाज आला, अगदी साधा, जेवायला बसताना यावा तसा.

"आगं बया. ही तर मीच की."

त्या सोनाबाई. काशीबाईंची धाकटी जाऊ. त्या उठून पुढे आल्या आणि आपल्याच चित्रासमोर उभ्या राहिल्या. चित्रात त्या होत्या, कुंकू होतं, गालावरचा तीळ होता, आणि गळ्यात मेलेल्या माणसाचा हार. त्यांनी एका हाताने आपल्या दुसऱ्या हाताचं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मी हितं हाय न्हवं?" त्यांनी शेजारणीला विचारलं. शेजारीण रडायला लागली.

मग एकदम गलका झाला. सोनाबाईंचा मुलगा पुढे धावला आणि त्याने हार ओढून काढला. "माजी आई जित्ती हाय. कुणी केलं ह्ये?" दिगंबर आमच्याकडे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मास्तर, ह्यो काय परकार हाय? माजी आई कुटं हाय?"

मागून कुणीतरी म्हातारा बोलला, "चिनी मानूस त्यो. त्याला आपल्या बायकांची तोंडं काय कळायची? त्याला समद्या सारख्याच." दोघं-तिघं हसले. त्या तसल्या वेळीही हसले.

सर उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "दत्ता, खूण?"

चूक नेमकी कुठे झाली हे त्या क्षणी मला माहीत नव्हतं, असं सांगून मला सुटता येईल. पण दिगंबरला बोट ठेवायला लावलं नव्हतं, एवढं मला पक्कं आठवत होतं. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "खूण बरोबर होती, सर."

सरांनी मान हलवली. मग सोनाबाईंसमोर जाऊन हात जोडले आणि चांगल्या मराठीत म्हणाले, "चूक माझी आहे. आई, मला माफ करा. दिगंबरराव, मी दुसरी काढून देतो."

"तुमी नगा," दिगंबर म्हणाला. त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्यास्नी काढू द्या. ह्ये आपलं हायेत."

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. बार्शी नाका येईपर्यंत चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा निरखत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी मी खोलीवर गेलो. फोटो काढला, पालथा केला, आणि फुलीच्या मधोमध टाचणी टोचली. पुढून पाहिलं. टाचणीचं टोक चौथ्या बाईच्या खांद्यातून बाहेर आलं होतं. हनुवटी दिगंबरची, भुवया दिगंबरच्या. मी स्टुलावर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही.

जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या. तेवढ्या वेळात मी जे केलं ते लिहायला पंचेचाळीस वर्षांनी हा अंक मला मिळाला. मी पुठ्ठा फोटोवर ठेवला आणि दोन बोटं उजवीकडे सरकवला. खिडकीत आता काशीबाई आल्या.

सर आत आले, फोटोकडे गेले, खिडकीत वाकून पाहिलं. "ही?" ते म्हणाले. "ही होती?"

"हो, सर. मी बरोबर लावला होता. तुम्ही साडीचा काठ बघायला पुठ्ठा उचलायचात ना, तेव्हा सरकला असेल."

ते पुठ्ठा उचलत होते हे खरं होतं. म्हणून खोटं बसलं. त्यांनी पुठ्ठा एकदा डावीकडे सरकवला, एकदा उजवीकडे. दोन बोटांचं अंतर. "सरकला असेल," ते म्हणाले. मग खुर्चीत बसून म्हणाले, "पण दत्ता, पुठ्ठा सरकला तरी डोळे होते ना मला."

मी चहा सांगायला खाली गेलो.

काशीबाईंची तसबीर मी केली. बरी झाली. वैरागकरांनी मला शाल दिली आणि चार गावांत माझं नाव केलं. सरांची गोष्ट त्याहून लांब गेली. बाजारात, कचेऱ्यांत, शाळेच्या स्टाफरूममध्ये. "तुमच्या मास्तरला सांगा, माझ्या बायकोची काढू नका, मेहुणीची निघायची," असं मला माझ्या हेडमास्तरांनी सांगितलं. एका संस्थेने संस्थापकांच्या तसबिरीची ऑर्डर त्यांच्याकडून काढून घेऊन मला दिली. मी घेतली. तसबिरींची गिऱ्हाइकं थांबली, मग क्लासमधली मुलं कमी झाली. वर्षभराने सरांनी खोली सोडली आणि पुण्याला मुलीकडे गेले. जाताना त्यांनी आपलं इझल मला दिलं. मी तेही घेतलं. त्यावरच मी पुढची सगळी वर्षं कामं केली.

रागावल्या नाहीत त्या एकट्या सोनाबाई. आपली तसबीर त्यांनी कुणाला फाडू दिली नाही. चादरीत गुंडाळून धान्याच्या कोठीमागे ठेवली. काशीबाईंची घेऊन मी वैरागला गेलो तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं. "त्या मास्तरला सांगा, म्या न्हाय रागावले. लई गोड काढलंय. मला कुणी इतकं न्याहाळून बघितलं न्हवतं कदी." त्या पुढे पुष्कळ जगल्या. त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. ती तसबीर भिंतीवर होती, यावेळी हारासकट. मी ती बारकाईने पाहिली. सोलापूर जिल्ह्यात त्याहून चांगलं पोर्ट्रेट मला माहीत नाही. खाली सही नव्हती. कुणी काढलं असं मी घरातल्या नातवाला विचारलं. तो म्हणाला, "तुमीच न्हवं का?"

त्यानंतर मात्र मला राहवेना. मी पुण्याचा पत्ता मिळवला आणि गेलो. सर ऐंशीच्या घरात होते. मुलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत इमारतीतल्या पाच-सहा पोरांना पानं, भांडी, पेरू असं काढायला शिकवत होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला बसवेना. त्यांनी मुलीला शेंगाची चटणी आणायला लावली. "सोलापूरची नाही रे ही, पण चालव."

गाडीत मी एक वाक्य पाठ केलं होतं. "सर, खिडकी मी चुकीच्या बाईवर कापली होती." एवढंच. त्याच्या पुढे मागे काही नाही. चहा झाला. चटणी झाली. मी सोनाबाईंचा निरोप सांगितला. तो सोपा होता, तो माझा नव्हता. सर खूप वेळ हसले आणि चष्मा काढून डोळे पुसले.

मग मी विचारलं, "आता चेहरे करत नाही, सर?"

"नाही. वैरागनंतर नाही केला एकही."

"का, सर?"

"लोक बोलले ते बरोबर होतं, दत्ता." ते अगदी शांतपणे सांगत होते, एखाद्या मुलाला त्याची चूक समजावून सांगावी तसं. "मुलगा दोन रविवार समोर बसला होता. त्याच्यात ती बाई नाही, हे मला दिसायला पाहिजे होतं. नाही दिसलं. मला वाटायचं, मला तुमचे चेहरे कळतात. नव्हते कळत."

इतकी वर्षं त्यांच्या तोंडी मी "आपली माणसं" ऐकत आलो होतो, आज ते "तुमचे चेहरे" म्हणाले. आणि त्यांना दिसलं होतं. ब्रश पुसत त्यांनी मला विचारलं होतं. ते स्वतः ते विसरले होते आणि जगात ते आठवणारा मी एकटा होतो. वाक्य जिभेवर होतं. मी तोंडही उघडलं. तेवढ्यात एका पोराने पेरूचं चित्र दाखवायला आणलं, सर त्याच्याकडे वळले, आणि मला बरं वाटलं. तेव्हा बरं वाटलं याची मला आजही लाज वाटते.

निघताना मी नको म्हणत असतानाही ते मला सोडायला खालपर्यंत आले. फाटकाशी आम्ही उभे राहिलो. त्यांनी माझा हात हातात घेतला होता, सोडत नव्हते, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, काम करताना पाहायचे तसे. मला वाटलं, आता यांना दिसेल. मी म्हणालो, "सर." ते म्हणाले, "बोल."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं. तिला मी हा अंक पाठवणार आहे. पण त्या दिवशी फाटकाशी, त्यांचा हात हातात असताना, मी एवढंच म्हणालो, "जिना जपून चढा."